माशाच्या डोळ्यात नेमकं कोण राहतं?

कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत पिवळा पर्च नावाचा मासा भरपूर सापडतो. त्याचा डोळा काढून उघडला, तर पुष्कळदा आत अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान चपटे कृमी वळवळताना दिसतात. काही थेट भिंगात शिरलेले असतात, तर काही भिंगामागच्या जेलीसारख्या द्रवात, दृष्टिपटलाच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच. पुढच्या टोकाला तोंडाभोवतीचं चूषक, त्याच्या खाली पोटावरचं चूषक, त्यामागे पक्ष्याच्या आतड्याला चिकटून राहण्यासाठीचा एक गोलसर अवयव आणि अंगभर चुन्याचे बारीक कण. वर्षानुवर्षं यांची नोंद 'डिप्लोस्टोमम' या प्रजातीखाली, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाच्या नावाखाली, होत आली. फार तर पुढे 'स्पाथेसियम' जोडलं जायचं. हे नाव रुडॉल्फी यांनी १८१९ साली युरोपातल्या कृमीला दिलेलं. अशा नोंदीला सरसकट चूक म्हणता येणार नाही. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र फसला. डिप्लोस्टोमम कुठल्याही माशाच्या कुठल्याही डोळ्यात राहू शकतो, त्याला यजमानाची, म्हणजे ज्याच्या अंगात राहायचं त्या प्राण्याची, फारशी निवड नाही, असं मानलं गेलं.

हे का घडलं ते कळायला त्याचं जीवनचक्र बघावं लागतं. हा कृमी प्रौढ होतो तो कुरव पक्ष्याच्या आतड्यात. अंडी विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली केसाळ अळी लिम्निया कुळातल्या गोगलगायीत घुसते आणि तिथे नर-मादीशिवायच तिच्या हजारो प्रती तयार होतात. दुभंगलेल्या शेपटीच्या या अळ्यांना सर्कारिया म्हणतात. त्या रोज हजारोंनी पाण्यात सुटतात, माशाच्या कातडीतून किंवा कल्ल्यांतून आत शिरतात, शेपटी बाहेरच टाकतात आणि साधारण दिवसभरात डोळा गाठतात. तिथे त्यांच्या मेटासर्कारिया होतात आणि कुरवानं मासा गिळेपर्यंत त्या तशाच राहतात. भिंगात गर्दी झाली की माशाला मोतीबिंदू होतो, त्याला खाणं दिसत नाही आणि वरून झडप घालणारा पक्षीही दिसत नाही. रेनबो ट्राउट पाळणाऱ्यांना हा आजार चांगलाच ठाऊक आहे.

या कृमींचं वर्गीकरण प्रामुख्यानं प्रौढाच्या जननेंद्रियांवर उभं आहे. वृषणांचा आकार कसा, अंडाशय कुठे, पीतक ग्रंथी कुठून कुठवर पसरल्या आहेत, हे सगळं त्यात येतं. माशातल्या मेटासर्कारियात यांपैकी फार तर पुसटशी सुरुवात दिसते. उरतात ती मापं: लांबी, रुंदी, चूषकांचे व्यास. आणि ही मापं जातीपेक्षा बाकीच्याच गोष्टींवर जास्त हलतात. मासा कोणता, कृमीचं वय किती, एका डोळ्यात गर्दी किती, कृमी गरम पाण्यानं मारला की थंड अल्कोहोलमध्ये टाकून आक्रसू दिला, काचपट्टीखाली किती दाबला. एकाच बाटलीतले दोन कृमी दोन हातांनी तयार केले तर दोन 'जाती' निघू शकतात आणि खरोखरच्या दोन जाती एकाच मापात बसू शकतात.

शॉन लॉक, डॅनियल मॅक्लॉफ्लिन आणि डेव्हिड मार्कोग्लीज यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेलं काम या गोंधळात घुसलं. डिप्लोस्टोमम ज्या मोठ्या गटात मोडतो त्या डिप्लोस्टोमॉइडिया गटातल्या १,०८८ कृमींचा सीओआय या जनुकाचा तुकडा त्यांनी वाचला, म्हणजे त्यातल्या साडेसहाशे डीएनए-अक्षरांचा क्रम लावला. हे जनुक पेशीच्या केंद्रकात नसून मायटोकॉन्ड्रियात असतं. बहुतेक कृमी सेंट लॉरेन्समधल्या माशांतून काढलेल्या मेटासर्कारिया होत्या. निघाल्या ४७ जाती. त्या भागात आधी ठाऊक असलेल्या संख्येपेक्षा ही कितीतरी जास्त होती. बहुतेक जातींना केंद्रकातल्या आयटीएस या दुसऱ्या तुकड्यानं, तसंच मासा आणि माशातला अवयव या माहितीनंही दुजोरा दिला.

आकडा मोठा आहेच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या आकड्याची विभागणी. भिंगाबाहेर राहणाऱ्या जवळजवळ सगळ्या जाती यजमानाच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर निघाल्या. एखादीच माशाची जात किंवा फार तर जवळच्या नात्यातल्या दोन-चार. भिंगाच्या आत राहणाऱ्या सगळ्या जाती मात्र नात्यानं दूरदूरच्या माशांत सापडल्या. याचं पटण्याजोगं कारण शरीरात आहे. भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे माशाची प्रतिकारशक्ती तिथे जवळपास पोहोचत नाही. तिथवर पोहोचलेल्या कृमीला मग मासा कोणता याची फिकीर उरत नाही. दृष्टिपटलाजवळ, मेंदूत किंवा स्नायूत राहायचं असेल तर त्या विशिष्ट माशाच्या संरक्षणाला चुकवता आलं पाहिजे आणि ती युक्ती दुसऱ्या माशात चालेलच असं नाही. जातींची वाटणी माशांच्या राहणीपेक्षा त्यांच्या नात्यांशी जुळत होती, हेही त्याच दिशेनं बोट दाखवतं.

म्हणजे 'डिप्लोस्टोममला यजमानाची निवड नाही' हे जुनं विधान अनेक काटेकोर जातींची बेरीज एका नावाखाली केल्यामुळे तयार झालं होतं. भिंगातल्यांपुरतं ते खरं, बाहेरच्यांसाठी खोटं. आणि हा फरक दिसला तो केवळ क्रम वाचले म्हणून दिसला नाही. प्रत्येक नळीवर कृमी डोळ्यात नेमका कुठे होता हे लिहिलेलं होतं म्हणून दिसला. डीएनए दोन कृमी वेगळे आहेत एवढं सांगतो. ते वेगळे कशासाठी आहेत, त्यांचं नाव काय, ते कुणाला आंधळं करतात, यातलं काही त्या साडेसहाशे अक्षरांत नसतं. म्हणून या कामाची गुणवत्ता यंत्राजवळ ठरण्याआधी चिरफाडीच्या ताटलीतच बरीचशी ठरून जाते, असं माझं मत आहे.

तेव्हा ताटलीपासूनच बघू.

मासा ताजा हवा. गोठवून वितळवलेल्या माशाचं भिंग अपारदर्शक होतं, ऊती फाटतात, मेलेले कृमी इकडेतिकडे सरकतात. अशा माशात कृमी आतला की बाहेरचा हे छातीठोकपणे सांगता येत नाही. डोळा अख्खा काढून ०.७ ते ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात ठेवायचा. नळाच्या पाण्यात कृमी फुगतात आणि फुटतात. डोळा मागच्या बाजूनं कापायचा, भिंग उचलून स्वच्छ मिठाच्या पाण्यात एकदोनदा विसळायचं आणि मगच दुसऱ्या ताटलीत फोडायचं. विसळणं राहिलं तर भिंगाच्या पृष्ठभागाला चिकटलेला बाहेरचा कृमी 'भिंगातला' म्हणून नोंदला जातो आणि वर सांगितलेला सगळा हिशेब बिघडतो. काढतानाच भिंग फुटलं तर 'जागा अनिश्चित' असं लिहावं. अशा कृमीचा क्रम वाचावा, पण अवयवाच्या विश्लेषणात त्याला धरू नये. डावा डोळा, उजवा डोळा, भिंग, द्रव असं सगळं वेगळं ठेवायला चार ताटल्या लागतात आणि कंटाळाही येतो. संध्याकाळी उरलेल्या माशांचे दोन्ही डोळे एकाच ताटलीत जातात ते याच कंटाळ्यानं.

पुढचा प्रश्न असा की कृमी एक आणि त्याच्याकडून दोन कामं करून घ्यायची आहेत. डीएनए काढायचा तर शरीर विरघळवावं लागतं. शरीर जपायचं तर डीएनए मिळत नाही. कवचधारी परजीवी असेल, समजा माशाच्या कल्ल्यावरचा अर्गासिलस, तर सोपं असतं. पाचक द्रावणात ठेवून डीएनए बाहेर काढला तरी वरचं कवच शाबूत राहतं आणि ते काचपट्टीवर घेता येतं. चपटकृमीला कवच नाही, तो पुरताच विरघळतो. म्हणून जिवंत असतानाच काचपट्टीवर हलका दाब देऊन छायाचित्रं घ्यायची, मापं घ्यायची, मग उकळीला आलेल्या मिठाच्या पाण्यात क्षणभर टाकून सरळ ताणलेल्या अवस्थेत मारायचं. गरम पाण्यानं डीएनए बिघडेल अशी भीती अनेकांना वाटते. काही सेकंदांनी तसं होत नाही, लगेच अल्कोहोलमध्ये टाकलं म्हणजे झालं. त्यानंतर बारीक सुईनं किंवा पात्याच्या तुकड्यानं मागच्या टोकाचा छोटा भाग कापून नळीत घालायचा आणि चूषकांसकट पुढचा भाग रंगवून कायमच्या काचपट्टीवर चढवायचा. क्रम आणि शरीर एकाच कृमीचे, याहून भक्कम पुरावा नाही. कापणं जमत नसेल तर त्याच माशाच्या त्याच अवयवातला दुसरा कृमी जपून ठेवतात, पण त्यात धोका आहे: शेजारी सापडलेले दोन कृमी एकाच जातीचे असतील हे गृहीत धरलेलं असतं आणि नेमकी तीच गोष्ट तर तपासायची आहे.

अल्कोहोल ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र हवं. कृमीच्या किमान दहापट घ्यावं, कारण ऊतीतलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं. गोगलगाय किंवा माशाचा तुकडा असेल तर दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलावं. नळ्या उणे २० अंशांवर ठेवाव्यात. नळीवरचं नाव शाईच्या पेननं लिहू नये, अल्कोहोलचा एक थेंब सांडला की ते पुसतं. पेन्सिलीनं लिहिलेली कागदाची चिठ्ठी नळीच्या आत टाकलेली बरी. फॉर्मॅलिन मात्र पूर्ण टाळावं. शरीररचनेसाठी ते उत्तम असलं तरी ते प्रथिनं आणि डीएनए यांना एकमेकांत जखडून टाकतं, डीएनएचे तुकडे होतात आणि लांब क्रम वाढवता येत नाही. संग्रहालयांतल्या जुन्या बाटल्यांचं हेच दुखणं आहे. कृमी सुबक आणि त्यांची नोंदही चोख असते, पण सीओआयसाठी ते जवळजवळ निरुपयोगी.

डीएनए काढण्यासाठी महागडा संच लागतोच असं नाही. एवढ्याशा कृमीला चेलेक्स या रेझिनच्या बारीक मण्यांची पद्धत पुरते. २०० मायक्रोलिटर ५ टक्के चेलेक्सच्या मिश्रणात मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम या प्रमाणात प्रोटिनेज-के हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम घालायचं, ५६ अंशांवर काही तास किंवा रात्रभर ठेवायचं, मग ९० ते ९५ अंशांवर आठेक मिनिटं तापवून एन्झाइम बंद पाडायचं आणि वेगानं फिरवून वरचं पाणी घ्यायचं. पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या अभिक्रियेत, चेलेक्सचे मणी गेले तर ते मॅग्नेशियम ओढून घेतात आणि अभिक्रिया बंद पडते. नळीच्या तळाला पिपेट लावू नये, यामागे एवढंच कारण आहे. हा डीएनए फारसा टिकत नाही. डीएनए पकडून ठेवणाऱ्या स्तंभाचा तयार संच वापरला तर डीएनए अधिक स्वच्छ मिळतो आणि जास्त टिकतो, पण शेवटी तो ३० ते ५० मायक्रोलिटरमध्येच उतरवावा. नेहमीच्या २०० मध्ये उतरवला तर एका मेटासर्कारियाचा डीएनए इतका पातळ होतो की पुढे काहीच दिसत नाही.

पीसीआर साधीच: २५ मायक्रोलिटर, ९४ अंशांवर दोन मिनिटं, मग ३५ फेऱ्या, प्रत्येकीत ९४ वर ३० सेकंद, ५० वर ३० सेकंद, ७२ वर एक मिनिट आणि शेवटी ७२ वर दहा मिनिटं. अडचण प्रायमरची, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्यांची. प्राण्यांच्या बारकोडसाठी, म्हणजे सीओआयवरून जात ओळखण्यासाठी, १९९४ पासून सर्रास वापरले जाणारे फोल्मरचे प्रायमर चपटकृमींवर बरेचदा बसत नाहीत. या प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात क्रम इतका झपाट्यानं बदललेला असतो की प्रायमरला धरायला स्थिर जागाच उरत नाही. माशावर मात्र ते बऱ्यापैकी बसतात. त्यामुळे जेलवर अगदी हव्या त्या ठिकाणी सुंदर पट्टा येतो, क्रमही स्वच्छ वाचला जातो, आणि तो पर्चचा असतो! डिप्लोस्टोमम आणि त्याच्या भाऊबंदांसाठी खास प्रायमर २००९ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कुठे वर सांगितलेलं मोठं काम शक्य झालं. तरीही प्रत्येक खेपेला डीएनए न घातलेली एक नळी चालवायची आणि कृमी माशाच्या ऊतीतून पूर्ण सोडवून, विसळून घ्यायचा. पुटीत बंद असलेला कृमी असेल तर आधी पुटी फोडायची. पुटीचं बाहेरचं आवरण बरेचदा माशाच्याच पेशींचं असतं.

क्रम आला की आधी यंत्रानं काढलेला त्याचा आलेख डोळ्यांनी बघावा. जागोजाग दुहेरी शिखरं दिसत असतील तर एका नळीत दोन कृमी गेले असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर क्रमाचं प्रथिनात भाषांतर करून मध्येच थांबा-संकेत येतो का ते तपासतात, कारण मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाची निकामी प्रत कधीकधी केंद्रकात जाऊन बसलेली असते आणि पीसीआर तीच उचलते. इथे एक नेहमीची फसगत होते. चपटकृमींच्या मायटोकॉन्ड्रियाची संकेतावली, म्हणजे डीएनएच्या कुठल्या तीन अक्षरांचा प्रथिनात काय अर्थ याची यादी, वेगळी आहे, संगणकाच्या यादीत ती ९ व्या क्रमांकावर असते. तीत टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, एजीए आणि एजीजी म्हणजे सेरीन. सर्वसाधारण संकेतावलीत टीजीए थांबा-संकेत आहे आणि पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या यादीत एजीए-एजीजी हे थांबे मानले जातात. यादी चुकीची निवडली की चांगला क्रम निकामी वाटून टाकून दिला जातो.

मग अंतरं मोजायची. डिप्लोस्टोममसारख्या गटात एकाच जातीतल्या दोन कृमींमधला फरक सीओआयमध्ये बहुधा २ टक्क्यांच्या आत राहतो, दोन जातींमधला पुष्कळदा १० टक्क्यांच्या आसपास असतो. मधे मोकळी दरी असेल तर निर्णय सोपा. ती दरी दिसते कशी हे नमुन्यांवर अवलंबून असतं आणि नमुन्यांची चूक इथे सगळ्यात बेमालूम असते. गोगलगायीत एकाच अळीच्या हजारो प्रती होतात हे वर आलंच आहे. एका माशाच्या भिंगातून चाळीस कृमी काढून चाळीस क्रम वाचले आणि ते तंतोतंत सारखे निघाले, तर 'या जातीत विविधता नाही' असं म्हणावंसं वाटतं. प्रत्यक्षात ते चाळीसही एकाच गोगलगायीतल्या एकाच अळीची लेकरं असू शकतात. एकाच माणसाला चाळीसदा मतदान करू देऊन गावाचा कौल सांगण्यातलाच हा प्रकार. चाळीस माशांतून एकेक कृमी घेणं दसपट कष्टाचं आहे, पण त्यातून जे कळतं ते खरं असतं. क्रमांवरून जातींच्या सीमा आपोआप आखून देणाऱ्या संगणकीय पद्धतींपैकी काही अशा असमान नमुन्यांवर जातींचे फाजील तुकडे पाडतात. दोन-तीन पद्धती चालवून सगळ्या जिथे सहमत होतात तेवढंच आधी मान्य करावं. 'इतक्या टक्क्यांपुढे नवी जात' असा ठोक नियम लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एका प्रजातीत बसलेला आकडा शेजारच्या प्रजातीत बसेलच असं काही नसतं.

दुसरा तुकडा लागतो तो याचसाठी. सीओआय मायटोकॉन्ड्रियात असतो, आईकडूनच येतो आणि पटपट बदलतो. आयटीएस केंद्रकात असतो, दोन्ही पालकांकडून येतो आणि सावकाश बदलतो. दोघांनी एकच विभागणी दाखवली तर जाती वेगळ्या म्हणायला आधार भक्कम होतो. सीओआयनं तोडलं आणि आयटीएस सारखंच राहिलं तर दोन शक्यता उरतात: जाती नुकत्याच वेगळ्या होत आहेत, किंवा एकाच जातीत जुन्या वेगळ्या वंशरेषा टिकून आहेत. अशा वेळी यजमान आणि अवयव निकाल देतात, नाहीतर निकाल लांबवावा लागतो.

नॉर्वेतला गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हे याचं ठसठशीत उदाहरण आहे, आणि तेही उलट्या बाजूनं. १९७० च्या दशकात बाल्टिक बाजूच्या माशांबरोबर आलेला हा अर्धा मिलिमीटरचा कृमी नॉर्वेच्या सुमारे ५० नद्यांत पसरला आणि तिथल्या अटलांटिक सामन माशांची पिल्लं त्यानं साफ केली. त्याला हटवायला अख्ख्या नद्यांत रोटेनॉन हे विष ओतून सगळे मासे मारावे लागले. ग्रेलिंग माशावर राहणारा गायरोडॅक्टिलस थायमॅली दिसायला जवळजवळ तसाच, पण सामनला त्रास न देणारा, म्हणून वेगळी जात मानला गेला. डीएनएनं मात्र या दोघांत स्वच्छ रेघ काढून दिली नाही. आयटीएस सारखं आणि सीओआयच्या वंशरेषा एकमेकांत मिसळलेल्या. ही एक जात की दोन, यावर नदीत विष घालायचं की नाही हे ठरतं, त्यामुळे हा वाद केवळ वर्गीकरण करणाऱ्यांपुरता राहत नाही. डीएनए नेहमी लपलेल्या जाती उघड्या पाडतो असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता नावांचं. सेंट लॉरेन्समधल्या डिप्लोस्टोममच्या डझनभर जातींपैकी मोजक्यांनाच जुनी नावं जोडता आली: ह्युरोनेन्स, इंडिस्टिंक्टम, बायरी. तीही जोडता आली, कारण त्याआधी माशांतल्या मेटासर्कारिया कुरवांना खाऊ घालून आतड्यात प्रौढ कृमी वाढवले गेले होते आणि २००२ साली त्या प्रौढांचे आयटीएस क्रम प्रसिद्ध झाले होते. प्रौढाला वृषणं आणि अंडाशय असतात, म्हणजे जुन्या वर्णनांशी त्याची तुलना होऊ शकते. बाकीच्यांना 'डिप्लोस्टोमम जात १', 'जात २' असे आकडेच मिळाले. आइसलँडमध्ये २०१४ साली एवढ्याशा मुलखात सहा जाती निघाल्या, त्यांतल्याही काहींना नाव देता आलं नाही. आकड्यांच्या जाती पाहून नाराज होणाऱ्यांना मला एवढंच म्हणायचंय की चुकीच्या नावापेक्षा आकडा कधीही बरा. सार्वजनिक क्रमसंग्रहात 'स्पाथेसियम' म्हणून टाकलेला एक चुकीचा क्रम पुढचे सगळे जण आपल्या क्रमाशी जुळवतात आणि चूक आपोआप वाढत जाते. संग्रहातल्या जवळच्या क्रमाचं नाव उचलण्याआधी तो कुणी, कुठल्या यजमानातून, कुठल्या अवस्थेतून घेतला आणि त्याची काचपट्टी कुठे ठेवली आहे, हे पाहिलंच पाहिजे. काचपट्टीचा पत्ता नसेल तर ते नाव उसनं समजावं.

जुन्या निरीक्षकांना कमी लेखायचंही कारण नाही. उत्तर अमेरिकेतल्या माशांच्या यकृतातला पांढरा कृमी, पोस्थोडिप्लोस्टोमम मिनिमम, कार्पच्या कुळातल्या माशांत एक आणि सनफिशमध्ये दुसरा आहे, हे १९५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं गेलं होतं. त्या दोघांना तेव्हा उपजातींची नावं मिळाली. सीओआयनं सनफिशमधला कृमी स्वतंत्र जात ठरवला, आणि त्याबरोबर ते जुने प्रयोगही बरोबर ठरले.

आपल्याकडे हाच प्रश्न गुरांच्या गोठ्यापाशी येतो. गावतळ्यात, भातखाचरात, कालव्याच्या कडेला दिसणारी चपट्या गुंडाळीची गोगलगाय इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही तिच्या प्रजातीतली एकमेव जात मानली जाते. शिस्टोसोमा प्रजातीतले गुरांचे तीन रक्तकृमी तिच्यातून पसरतात: इंडिकम, स्पिंडेल आणि नासेल. नासेल नाकाच्या शिरांत राहतो, तिथे गाठी होतात आणि बैल श्वास घेताना घोरू लागतो. गोगलगायीतून बाहेर पडलेल्या या तिघांच्या सर्कारिया नजरेनं वेगळ्या ओळखणं जवळपास अशक्य. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गटातली एक आधी ठाऊक नसलेली वंशरेषा निघाली. शिवाय इंडोप्लॅनॉर्बिस ही एक जात नसून अनेक जातींचा समूह असल्याचंही दिसलं. म्हणजे परजीवी आणि यजमान दोघांच्याही नावाखाली गर्दी आहे. कुठला कृमी कुठल्या गोगलगायीतून येतो हे कळल्याशिवाय तळ्यातल्या गोगलगायी कमी करण्याचा खर्च नेमका कुठे करावा, हे ठरत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीचं प्रकरण याहून जुनं. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी तिथल्या माणसांत लघवीवाटे रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिसची नोंद केली. परजीवीचं नाव लावलं शिस्टोसोमा हिमेटोबियम, आणि वाहक म्हणून सांगितली फेरिसिया टेन्युइस, टोपीच्या आकाराची इवलीशी गोगलगाय. आफ्रिकेत हिमेटोबियम बुलिनस नावाच्या अगदी वेगळ्या गोगलगायींत वाढतो. त्यामुळे गिमवीतला कृमी खरोखर तोच होता का, हा प्रश्न जाणकारांनी पुढे विचारलाच. डीएनएची दुहेरी सर्पिल रचनाच १९५३ साली उलगडली, तेव्हा त्या काळी क्रमाचा पुरावा मागणं अर्थातच अस्थानी ठरलं असतं.

आज कोकणातल्या किंवा देशावरच्या तळ्यात हे काम करायचं तर सामान फार लागत नाही. गोगलगायी हातमोजे घालूनच गोळा करायच्या, कारण या गटाच्या सर्कारिया माणसाच्या कातडीतही शिरू पाहतात आणि खाज उठते. प्रत्येक गोगलगाय स्वतंत्र पेल्यात, २० ते ३० मिलिलिटर स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या पाण्यात ठेवायची आणि उजेडात काही तास थांबायचं. क्लोरीनच्या पाण्यात सर्कारिया मरतात आणि गोगलगाय निरोगी असल्यासारखी वाटते. पहिल्या दिवशी काही सुटलं नाही म्हणून ती फेकून देऊ नये. संसर्ग कोवळा असेल तर सर्कारिया सुटायला आठवडे लागतात, तेव्हा पुन्हा तपासावं. दुभंगलेल्या शेपटीच्या सर्कारिया दिसल्या की काहींची जिवंतपणी छायाचित्रं घ्यायची आणि काही एकेक करून बारीक पिपेटनं अल्कोहोलमध्ये टाकायच्या. एकत्र गोळा केल्या आणि गोगलगायीला दुहेरी संसर्ग असला, तर आलेखात पुन्हा तीच दुहेरी शिखरं येतात. शेवटी गोगलगायीच्या पायाचा तुकडा वेगळ्या नळीत घ्यायचा, पोटाकडचा नव्हे, तिथे परजीवी भरलेले असतात. शंख वाळवून ठेवायचा. सर्कारिया, पाय आणि शंख या तिन्हींवर एकच क्रमांक, तळ्याचे अक्षांश-रेखांश आणि त्या तळ्यावर गाई, म्हशी की शेळ्या पाणी प्यायला येतात, याची नोंद करायची.